कॅमेरा किती पाहतो आणि किती ताडतो

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा कॅमेऱ्याशी काय संबंध? संबंध आहे. कॅमेरा हे ज्ञान मिळवण्याचं साधन आहे, आणि साधनाने दिलेल्या ज्ञानात प्रत्यक्ष पाहिलेलं किती आणि त्यावरून ताडलेलं किती, हा आमच्या शास्त्राचा फार जुना प्रश्न. नैयायिक त्याला प्रत्यक्ष आणि अनुमान म्हणतात. डोंगरावर धूर दिसला, हे प्रत्यक्ष. तिथे आग असणार, हे अनुमान. एवढी जोडी हाताशी ठेवा, खोक्यावरचे बरेच शब्द उलगडतील.

सुरुवात सेन्सरपासून. पूर्वी जिथे फिल्म असायची तिथे आता सिलिकॉनची एक चकती असते. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी नावाची रचना शोधली, आणि २००९ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने तसली चकती वापरून कॅमेरा जोडला. १०० गुणिले १०० म्हणजे १०,००० ठिपक्यांचं काळंपांढरं चित्र, आणि ते कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत.

हा ठिपका म्हणजे पिक्सेल. अंगणात पावसाखाली वाट्या मांडून ठेवल्यात असं समजा. प्रत्येक वाटीत किती पाणी जमलं ते मोजायचं. इथे पाण्याच्या जागी प्रकाश. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख वाट्या. आता दुकानदार सांगतो, हा १२ चा आणि तो ४८ चा, म्हणून तो चौपट चांगला. पण अंगण तेवढंच असेल तर? वाट्या चौपट केल्या की प्रत्येक वाटी लहान होते. पाऊस काही वाढत नाही! म्हणून तर ४८ मेगापिक्सेलचे कितीतरी फोन चार-चार वाट्या एकत्र ओतून शेवटी १२ चाच फोटो हातात देतात. त्यात लबाडी नाही, शहाणपण आहे. पण मग खोक्यावर ४८ एवढ्या मोठ्या अक्षरात कशाला, हे विचारायला हरकत नाही.

आणि तुम्हाला लागतात किती? ६ बाय ४ इंचाची नेहमीची प्रिंट, इंचाला ३०० ठिपके धरले, तर १८०० गुणिले १२०० होतात. साधारण २ मेगापिक्सेल. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा ८ च्या थोडा वर. तेव्हा १२ हे घरगुती कामाला भरपूर झाले.

विचारायचं ते अंगण केवढं आहे हे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. ज्याला 'एक इंची' म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे त्याची एकही बाजू इंचभर नाही! हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून आलंय. नळ्या गेल्या, माप राहिलं. बहुतेक फोनमधला सेन्सर याहून लहान असतो. संध्याकाळी हॉलमधल्या मुंजीचे फोटो मोठ्या कॅमेऱ्यावर चांगले येतात, त्यात फोटोग्राफरच्या हाताइतकाच या अंगणाचाही वाटा आहे.

आता रंग. ही गंमत मला फार आवडते. वाटीला रंग कळत नाही, फक्त किती ते कळतं. म्हणून प्रत्येक वाटीवर एक रंगीत काच बसवतात. निम्म्यांवर हिरवी, पाव भागावर लाल, पाव भागावर निळी. ही मांडणी कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. म्हणजे एका ठिकाणी एकच रंग मोजलेला, उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून ताडलेले. तुमच्या साध्यासुध्या फोटोतले रंगाचे दोन तृतीयांश आकडे अनुमानाचे आहेत! पण ते निर्दोष अनुमान, कारण त्याला आधार आहे. शेजारच्या वाट्या त्याच वेळी, त्याच दृश्यात मोजलेल्या आहेत.

झूमचं तसं नाही. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं सरकतात आणि सेन्सरवर पडणारी प्रतिमाच मोठी होते. हे प्रत्यक्ष. डिजिटल झूम म्हणजे मधला तुकडा कापून ताणायचा आणि फटी अंदाजाने भरायच्या. खोक्यावर दोन्हींचा गुणाकार करून भलामोठा आकडा छापतात. तुम्ही फक्त ऑप्टिकलचा वाचा.

एफ-आकडा, शटर आणि आयएसओ थोडक्यात सांगतो. एफ/२ चं भोक एफ/४ पेक्षा मोठं, कारण तो भागाकार आहे. प्रकाश चौपट येतो. शटर १/१५ सेकंद उघडं राहिलं तर धावणारं नातवंड पुसट येणारच. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, नातवंडाची नाही. आणि आयएसओ हे रेडिओच्या आवाजाचं बटण समजा. वाढवलं की गाणंही मोठं, खरखरही मोठी. अंधारातल्या फोटोत जी रवाळ कणी दिसते ती हीच खरखर.

पण आजचा फोन खरखर नुसती पुसत नाही. २०२३ साली एका फोनवरून वाद झाला. एकाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि अंधारात त्या पडद्याचा फोटो काढला. फोनने त्यात खड्ड्यांचे बारकावे दाखवले. जे समोर नव्हतंच ते! फोनने चंद्र ओळखला आणि शिकून ठेवलेले बारकावे घातले. ही स्मृती झाली. नैयायिक स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ नवं ज्ञान, मानत नाहीत, ते उगीच नाही.

चंद्राचं जाऊ द्या, तिथे कुणाचं नुकसान नाही. अंगावर पुरळ उठलंय आणि फोटो डॉक्टरांना पाठवायचाय, तेव्हा काय? चेहरा 'सुंदर' करणारा ब्यूटी मोड चालू असेल तर तो नेमका डागच गुळगुळीत करतो. डॉक्टर जे बघणार ते तुमचं कातडं नव्हेच. तो मोड बंद करा, खिडकीच्या उजेडात या, शेजारी मापासाठी एखादं नाणं ठेवा. विजेच्या मीटरचं रीडिंग, औषधाच्या पाकिटावरची तारीख, अपघातानंतरची गाडी, सगळ्यांना हाच नियम: झूम करू नका, चालत जवळ जा. फारच जवळ गेल्यावर अंधुक दिसायला लागलं तर अर्धं पाऊल मागे या. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना ते एकदा बघा. फोटोच्या फाइलमध्ये तीच तारीख नोंदली जाते.

प्रश्न (श्रोत्यांमधून): सर, मुलगा परदेशातून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो, ते मोठे करून छापले की फाटल्यासारखे दिसतात. कॅमेरा खराब का?

नाही हो, कॅमेरा बिचारा ठीक असेल. पाठवताना फोटो दाबून लहान करतात, त्यात बारकावे टाकून दिले जातात, आणि टाकलेले परत येत नाहीत. चिरंजीवांना सांगा, फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. आणि आल्यावर ती फोनमध्येच ठेवू नका, पेन ड्राइव्हवर एक प्रत काढा. फोन हरवतात.