दगडांची बखर : एका प्राण्याला दोन नावं

वाशीम जिल्ह्यात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कुठंही विहीर खणली की तोच क्रम दिसतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. हा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, हे आपण मागच्या लेखांकात पाहिलं. आज ज्या प्राण्याविषयी लिहितो आहे तो या दगडात कधीच सापडणार नाही. कोनोडॉन्ट नावाचा हा सगळा गट सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच संपला. लाव्हा वाहू लागला तेव्हा त्याला जाऊन 13 कोटी वर्षं उलटली होती. पण विदर्भाच्या दगडांची बखर लिहायची तर त्याला वगळून चालत नाही. ते का, हे शेवटी येईल.

आधी एक कल्पना करा. तिफण म्हणजे काय हे ज्याला मुळीच ठाऊक नाही, अशा माणसाला शेतात एके दिवशी चाडं सापडलं, महिन्यानं एक फण, मग नळ्याचा तुकडा. तो प्रत्येकाला वेगळं अवजार समजेल आणि तीन नावं ठेवील. कोनोडॉन्टांच्या बाबतीत शास्त्रज्ञांचं शंभरेक वर्षं हेच झालं. 1856 साली क्रिस्टियान पांडर यांनी बाल्टिक भागातल्या खडकांतून दातासारखे बारीक तुकडे काढले. ते माशांचे असावेत असं त्यांना वाटलं. आकार बहुधा एक मिलिमीटरच्या आतबाहेर, घडण कॅल्शियम फॉस्फेटची, म्हणजे आपल्या हाडा-दातांची आहे तीच. चुनखडी सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात ठेवली की ती विरघळते आणि हे दाणे तळाशी उरतात. व्हिनेगरला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळं. दात असे ढिगानं मिळत गेले, पण ज्याच्या तोंडात ते होते तो प्राणी मऊ अंगाचा, तो कुजून गेलेला. मग प्रत्येक आकाराला एक नाव मिळालं.

1934 साली जर्मनीत हेरमान श्मिट आणि अमेरिकेत हॅरल्ड स्कॉट यांना, एकमेकांचं काम माहीत नसताना, एकाच पाटीवर वेगवेगळ्या आकारांचे दात ओळीनं मांडलेले आढळले. आकार वेगळे असले तरी तोंड एकच होतं. खुद्द प्राणी मात्र दिसायला 1983 साल उजाडावं लागलं. एडिंबरोजवळच्या ग्रँटनचा एक नमुना संग्रहात अनेक वर्षं पडून होता. ब्रिग्ज, क्लार्कसन आणि ऑल्ड्रिज यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. लांबी जेमतेम चार सेंटिमीटर, अंग वामीसारखं लांबट, स्नायूंचे पट्टे इंग्रजी व्ही अक्षरासारखे, शेपटीला पर. पुढं आणखी नमुने मिळाले तेव्हा मोठे डोळेही दिसले. जबडा नाही, घशाशी फक्त दातांचा संच. पाठकण्याच्या प्राण्यांशी त्याचं नातं किती जवळचं, यावर अजूनही वाद होतात.

नावांचा गोंधळ सर्वांत स्पष्ट दिसतो तो हिंडिओडस या प्रजातीत, म्हणजे जातींच्या वर जी पायरी असते तिच्यात. हे नाव रेक्सरोड आणि फर्निश यांनी 1964 साली दिलं ते फांद्या फुटलेल्या काडीसारख्या दातावरून. 1970 साली वॉल्टर स्वीट यांनी पात्यासारख्या दातावरून अँकिग्नाथोडस ही वेगळी प्रजाती मांडली. काही वर्षांनी कळलं की काडी आणि पातं एकाच तोंडातलं आहे. नामकरणाच्या नियमानं जुनं नाव टिकतं, म्हणून हिंडिओडस राहिलं. कुळाचं नाव मात्र अँकिग्नाथोडॉन्टिडी असंच आहे! ज्या प्रजातीवरून ते पडलं ती आता यादीत नाही. मला या नियमाचं मोल वाटतं. नावाच्या आड झालेली चूक त्यानं पुसून टाकली नाही, ती वाचता येईल अशी ठेवली.

हिंडिओडस ज्या मोठ्या गटात मोडतो त्यातल्या प्राण्यांचा संच सहसा पंधरा दातांचा असतो. पुढचे अकरा काडीसारखे, भक्ष्य धरायला. मागच्या दोन जोड्या कापायला आणि चिरडायला. जात ओळखायची ती अगदी मागच्या जोडीवरून. पात्याच्या एका टोकाला उंच सुळा, त्यामागं उतरत जाणारे दंतुर म्हणजे बारीक दाते, आणि बुडाशी पसरलेली पोकळ वाटी. हिंडिओडस पार्वसमध्ये सुळा बाकीच्या दंतुरांच्या मानानं फारच मोठा असतो. त्याच्या जवळच्या इसार्सिसेला प्रजातीत वाटीच्या कडेवरही दंतुर फुटलेले दिसतात. आपले दात झिजले की झिजले. या प्राण्यांच्या दातांवर मात्र बाहेरून नवे थर चढत असत.

त्या उंच सुळ्यावर आता पृथ्वीच्या इतिहासाची एक सीमा उभी आहे. चीनमधल्या मेइशान इथल्या खडकात हिंडिओडस पार्वस जिथं पहिल्यांदा दिसतो, तिथून ट्रायासिक काळ सुरू होतो असं 2001 साली ठरलं. काळ सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वीचा. समुद्रातल्या बहुतेक जाती नुकत्याच नष्ट झाल्या होत्या, हिंडिओडस त्यातून वाचलेला. भारतात हे दात काश्मीरमध्ये श्रीनगरजवळ खुनमोहच्या गुरयुल घळीत मिळतात. मात्सुदा यांनी तिथल्या हिंडिओडस आणि इसार्सिसेलावर 1981 साली निबंध लिहिला. त्या काळी काश्मीरवर समुद्र होता.

आणि आपल्याकडं? इथं समुद्र नव्हता. नद्या होत्या, दलदली होत्या, ग्लोसॉप्टेरिसची जंगलं होती. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वणीला जो कोळसा निघतो तो या सीमेच्या आधीच्या झाडांचा. कामठीच्या वालुकाश्मात त्यांच्या पानांचे ठसे मिळतात. हिंडिओडस गोड्या पाण्यात राहत नसे, त्यामुळं त्याचे दात आपल्या कोळशाच्या शेजारी मिळत नाहीत. काश्मीरच्या चुनखडीत ही सीमा एका सुळ्यावरून वाचता येते. विदर्भात तीच सीमा शोधायची तर पानं कुठल्या थरापाशी नाहीशी होतात ते पाहावं लागतं, आणि दगडात उरलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. पुढचा लेखांक त्या परागकणांवर.