सायकलीची साखळी घासते तेव्हा

जामखेड तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरून संकलन केंद्राकडे जाणारी दुधाची किटली, शाळेला जाणारी मुलगी आणि बाजारातून आणलेली बियाण्याची पिशवी यांचा भार आजही अनेक घरी सायकलच वाहते. अशा सायकलीची साखळी कव्हरास घासू लागली म्हणजे बहुधा दोन उपाय योजले जातात : हातोडीने कव्हर ठोकणे, किंवा ते काढूनच टाकणे. पहिल्या उपायाने दोष झाकला जातो. दुसऱ्याने धोतर, साडी वा ओढणी साखळीत सापडण्याचे भय निर्माण होते. साखळीचे घासणे हे लक्षण आहे, रोग नव्हे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे १९७० साली सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी आरोग्यसेविकेचे काम शिकून घेतले. नीट शिकविल्यास पुष्कळसे ज्ञान गावातच राहू शकते, हा त्याचा धडा होय. सायकलीसही तो लागू आहे.

आवाजावरून निदान

सायकल चालत असता पायडल मारणे थांबवावे. तरीही घासण्याचा आवाज येत राहिल्यास दोष साखळीत नसून रिम, ब्रेक वा मडगार्डात असतो. आवाज थांबल्यास मागचे चाक स्टँडवर उचलून पायडल सावकाश फिरवावे. पायडलाच्या प्रत्येक फेरीस एकदा आवाज आल्यास पुढचे दातेरी चाक वाकलेले किंवा क्रँकची कॉटर पिन ढिली असण्याचा संभव असतो. दोन फेऱ्यांहून थोड्या अधिक अंतराने आवाज आल्यास साखळीचे एखादे कडे आखडलेले असते; कारण साखळीस पूर्ण फेरा घेण्यास तेवढाच काळ लागतो. आवाज अखंड येत असेल तर साखळी सैल आहे किंवा तिची रेषा बिघडली आहे, असे समजावे.

प्रथम चाक, मग साखळी

जड ओझे घेऊन चढ चढताना साखळी धुरीचे उजवे टोक पुढे ओढते. त्या बाजूचा नट ढिला असल्यास चाक तिरके होते व टायर डावीकडील नळीस घासू लागतो. यास्तव दोन्ही नट सैल करून चाक मागे ओढावे, रिम दोन्ही नळ्यांच्या बरोबर मध्ये आणावी आणि उजवा नट आधी, डावा नंतर घट्ट करावा.

त्यानंतर साखळीचा ताण पाहावा. साखळी मध्यभागी बोटाने वरखाली हलवली असता सुमारे अर्धा इंच हलावी. पायडल फिरवून चार ठिकाणी तपासावे व सर्वांत घट्ट जागेवरून ताण ठरवावा. साखळी फार ताणल्यास धुरीतील छर्रे लवकर झिजतात.

चाक सरळ असूनही साखळी घासत असेल तर कव्हर तात्पुरते सोडवून मागून पाहावे. साखळीचा वरचा पदर पुढच्या दातेरी चाकापासून फ्रीव्हीलपर्यंत एका सरळ रेषेत असला पाहिजे. दातांची एकच कड चकाकत असल्यास रेषा चुकली आहे, हे निश्चित. पंक्चर काढल्यानंतर किंवा धुरी बदलल्यानंतर हा दोष उद्भवला असेल, तर धुरीवरील वॉशर चुकीच्या बाजूस बसले आहेत का, हे पाहावे. सर्व जुळल्यावरच कव्हराची पट्टी बाजूला सारावी. वाकलेली क्रँक, फ्रेम आणि ढिली कॉटर पिन मात्र कारागिराकडेच न्यावी. आधार न देता पिनेवर हातोडी मारल्यास आतील छर्ऱ्यांना इजा होते.

झीज व निगा

साखळीच्या एका खिळीपासून दुसऱ्या खिळीपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. म्हणजे अशी चोवीस अंतरे बारा इंच भरतात. ताणून मोजता ती सव्वाआठ सूत नव्हे, केवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त भरली तरी साखळी बदलावी. अन्यथा ती दातेही खाते. जोडकड्याच्या क्लिपचे बंद तोंड साखळीच्या धावेच्या दिशेस ठेवावे. साखळी फडक्याने पुसून प्रत्येक कड्यावर तेलाचा थेंब सोडावा आणि वरचे तेल पुसून काढावे, कारण त्यावर धूळ बसते. फडके धरलेला हात फिरत्या साखळीजवळ नेऊ नये.

पेरणीयंत्रासही हाच नियम

ट्रॅक्टरच्या अनेक पेरणीयंत्रांत जमिनीवरील चाकाची गती साखळीनेच बियाणे सोडणाऱ्या दांड्यास मिळते. ती साखळी दातांवरून निसटली तर तेवढ्या अंतरात बी पडत नाही, आणि रब्बी ज्वारीच्या तासातील ती रिकामी जागा उगवणीनंतरच दृष्टीस पडते. तोवर जमिनीतील ओल निघून गेलेली असते. सबब गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी एक दिवस ठरवून प्रथम सायकलीवर ही तपासणी करून दाखवावी व त्याच बैठकीत पेरणीयंत्राची साखळीही शेतकऱ्यांच्या हातून तपासून घ्यावी.