तसबिरीतला शास्त्रज्ञ आणि पोस्टकार्डावरचा प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की शाळाशाळांतून विज्ञान दिनाच्या वक्तृत्व स्पर्धा भरतात. परीक्षक म्हणून बसलं की पहिल्या तीन भाषणांतच रामन यांचं चरित्र आपल्यालाही पाठ होतं. जन्म ७ नोव्हेंबर १८८८, ‘रामन परिणाम’ २८ फेब्रुवारी १९२८, नोबेल १९३०, भारतरत्न १९५४. मग ‘आपणही त्यांचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवूया’ आणि टाळ्या. एकदा खाली उतरणाऱ्या सहावीतल्या मुलीला मी हळूच विचारलं, “रामन यांनी नेमकं केलं काय गं?” ती जरा थबकली आणि म्हणाली, “नोबेल मिळवलं.” तिला गुण चांगलेच दिले. चूक तिची नव्हती.

रामन यांनी केलेलं काम सहावीतल्या मुलीला सांगता येण्यासारखं आहे. १९२१ साली ते इंग्लंडहून बोटीनं परत येत होते. समुद्राचं पाणी निळं का, या प्रश्नाला तेव्हा लॉर्ड रॅले यांचं उत्तर प्रमाण मानलं जाई: आकाशाचं प्रतिबिंब, दुसरं काय! रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. प्रकाशाची परावर्तित तिरीप अडवायला तो उपयोगी पडतो. आजचे पोलराइज्ड गॉगल हेच काम करतात. डेकवर उभं राहून, योग्य कोन साधून त्यांनी प्रिझममधून पाण्याकडे पाहिलं. आकाशाचं प्रतिबिंब अडलं, तरी निळाई गेली नाही, उलट अधिक गडद झाली. म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश विखुरतं. बोट मुंबई बंदरात पोचली तेव्हा ‘नेचर’साठीचं टिपण तयार होतं. त्यानंतर के. एस. कृष्णन यांच्यासारख्या सहकाऱ्यांना घेऊन सात वर्षं द्रवांमधून प्रकाश सोडून पाहणं चाललं, आणि मग ती प्रसिद्ध तारीख आली. भाषणांत येते ती फक्त तारीख. ती सात वर्षं गाळली जातात. मोठ्या माणसाचं उत्तर ‘बघू तरी’ म्हणून तपासण्याची खोडही गाळली जाते, आणि उचलण्यासारखं खरं तर तेवढंच असतं.

रामन यांचीच आणखी एक गोष्ट शाळेत सांगत नाहीत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी चांगल्या गुणांनी मिळवलेल्या कमला भागवत यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही, आणि त्यांच्या असण्यामुळे वातावरण बिघडता कामा नये! वर्ष सरलं, काम रामन यांच्या नजरेत भरलं आणि पुढे त्या संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली. कमलाबाईंनी तिथं दुधातल्या आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला जाऊन बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे श्वसनाशी निगडित प्रथिन असतं हे त्यांनी दाखवलं, आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईत त्यांनी नीरेवर संशोधन केलं, ग्राहक चळवळीत भेसळ ओळखायला शिकवलं. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीचं नाव मराठी घरांत दुर्गाबाईंच्या मानानं किती कमी घेतलं जातं!

हे सांगितलं तर रामन यांची प्रतिमा डागाळेल, असं एका मुख्याध्यापकांचं मत पडलं. मला उलट वाटतं. निळ्या पाण्याबद्दल रॅलेंचा शब्द न मानणारा माणूस मुलींबद्दल मात्र त्या काळाचा समज तपासून न पाहता मानत होता, हे मुलांना कळलंच पाहिजे. एकाच प्रसंगात त्यांना चूक करणारा आणि चूक दाखवून देणारी, अशी दोन माणसं भेटतात.

वर्गातल्या मुलाला यातून काय मिळतं, हे तपासलंही गेलं आहे. न्यूयॉर्कमधल्या नववी-दहावीच्या ४०२ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. काहींना आइन्स्टाइन, मेरी क्युरी, फॅरेडे यांच्या धडपडीच्या आणि फसलेल्या प्रयत्नांच्या गोष्टी दिल्या, काहींना नुसत्या पराक्रमाच्या. धडपड वाचलेल्यांचे विज्ञानातले गुण सुधारले, आणि आधी मागे असलेल्यांना अधिक फायदा झाला. पराक्रमच वाचलेल्यांचे गुण सुधारले नाहीत, उलट घसरले. मुलांच्या मनातलं शास्त्रज्ञाचं चित्रही कसं असतं पाहा. ‘शास्त्रज्ञ काढा’ असं सांगून डेव्हिड चेंबर्स यांनी ४,८०७ मुलांकडून चित्रं घेतली, तो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. बाई दिसली फक्त २८ चित्रांत, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. नंतरच्या दशकांत अमेरिकेत हे प्रमाण वाढलं; त्याच काळात प्रयोगशाळांत बायकाही अधिक दिसू लागल्या.

धडपड सांगायची तर जयंत नारळीकरांइतकं जवळचं उदाहरण नाही. फ्रेड हॉइल यांच्यासोबत ते विश्वाला आरंभ नाही असं मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताच्या बाजूनं उभे राहिले. १९६५ साली सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणाचा, म्हणजे महास्फोटाची खूण मानल्या गेलेल्या प्रारणाचा, शोध जाहीर झाला आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर मात्र आपला पर्याय शेवटपर्यंत मांडत, दुरुस्त करत राहिले. पाठ्यपुस्तकी हिशेबानं ते हरलेल्या बाजूचे. तरीही पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या.

शाळेतली मुलं सह्यांच्या वह्या घेऊन गराडा घालत, तेव्हा ते सही देत नसत. म्हणत, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही येईल. मुलं पाठवत, आणि उत्तरं येत. वहीतली सही कपाटात पडून राहते. पोस्टकार्डासाठी मुलाला आधी प्रश्न सुचावा लागतो.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. तरी प्रश्नाला उत्तर देणारी माणसं आपल्या गावात, जवळच्या महाविद्यालयात, कृषी संशोधन केंद्रात, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आहेत. येत्या विज्ञान दिनाला भाषणांची संख्या निम्मी करून त्यांच्यापैकी एकाला तासभर बोलवा, आणि मुलांना आदल्या दिवशी एकेक प्रश्न लिहून आणायला सांगा.