पाठीच्या वेदनेचा पत्ता

मोडलेला मणका शस्त्रक्रियेनें सावरला, धातूच्या सळया व स्क्रू जागच्या जागीं बसले, क्ष-किरणांचें चित्रहि निर्दोष आलें. आणि तरीहि सहा महिन्यांनंतर रोग्याची पाठ दुखतच असते, हा अनुभव विरळा नाहीं. घरचीं माणसें चित्राकडे बोट दाखवितात आणि दुखणें मनाचें असावें असें हलकेंच सुचवितात. हा रोग्यावर अन्याय आहे. क्ष-किरणांना हाड दिसतें. वेदना दिसत नाहीं.

कणा बहुधा छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात त्या सांध्याच्या आसपास मोडतो. तेथें सळया बसल्या कीं तेवढा भाग ताठ होतो व वांकण्यावळण्याचा भार वरच्याखालच्या मणक्यांवर पडतो. दोन मणक्यांमध्यें मागील बाजूस उजवा व डावा असे दोन लहान सांधे असतात. पुष्कळदां वेदनेचें मूळ त्यांत असतें. पण हाड जुळलें नसलें, स्क्रू ढिला झाला किंवा आंत पू धरला, तरीहि पाठ दुखते. म्हणून तो शोध आधीं घ्यावा लागतो.

तो निरसला म्हणजे ‘नर्व्ह ब्लॉक’चा विचार येतो. वेदनेचा निरोप नेणारा मज्जातंतु औषधानें कांहीं काळ मुका करावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. १८८४ सालीं कार्ल कोलर यानें कोकेननें डोळा बधिर करून दाखविला, तेथून या विद्येचा उगम. कोकेन मात्र घातक; अमेरिकेचा नामांकित शस्त्रवैद्य हॉलस्टेड तें स्वतःवर अजमावतां अजमावतां त्याच्या व्यसनांत सांपडला. १९४३ सालीं स्वीडनमध्यें लिडोकेन तयार झालें, तें आजहि वापरांत आहे.

रोग्यास पालथें निजवून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत डॉक्टर सुई तंतूपाशीं नेतात. प्रत्येक सांध्याला दोन बारीक शाखा जातात, म्हणून सुई दोन ठिकाणीं. औषध अर्धा मिलिलिटर किंवा त्याहूनहि कमी. अधिक घातलें तर तें शेजारीं पसरतें आणि उत्तर गढूळ होतें. कारण ही सुई उपचारापेक्षां प्रश्नच अधिक आहे: वेदना येथूनच येते काय?

उत्तर रोग्यानें द्यावयाचें, आणि तेंहि थोड्या तासांत. पाठ ज्या ज्या कामानें दुखते तीं सारीं त्यानें डॉक्टरांच्या सल्ल्यानें करून पाहावीं, बसावें, वांकावें, चालावें, आणि किती दुखलें हें घड्याळ पाहून टिपावें. घरीं येऊन पांघरूण ओढून निजणाऱ्यानें ती सुई फुकट घालविली. दुसऱ्या दिवशीं वेदना परततांच ‘इंजेक्शन वांया गेलें’ असें घरांत म्हणतात, तें खरें नव्हे. औषध उतरावयाचेंच होतें.

केवळ आशेनेंहि आराम पडतो. म्हणून पुष्कळ डॉक्टर पुढें एखाद्या वेगळ्या दिवशीं, कधीं अधिक काळ टिकणाऱ्या बुपिव्हाकेननें, तीच परीक्षा पुन्हां घेतात. दोन्ही वेळां आराम पडला, तर उच्च कंपसंख्येच्या विद्युत्प्रवाहानें सुईचें टोंक सुमारें ८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून ती शाखा मिनिट-दीड मिनिटांत निकामी करतात. (या प्रवाहाचें नातें रेडिओच्या लहरींशीं आहे, हें येथें सांगण्यास हरकत नाहीं.) आराम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो; मग तंतु पुन्हां वाढतो आणि प्रसंगीं हाच उपाय पुन्हां करावा लागतो. आराम मुळींच पडला नाहीं, तरी निर्दोष तंतु जाळण्याचें टळलें.

रक्त पातळ करणारें औषध चालूं असल्यास तें डॉक्टरांस आधींच सांगावें. पायांतील शक्ति कमी होऊं लागली, लघवी अडली, गुदद्वाराभोंवतीं बधिरपणा आला किंवा ताप भरला, तर नर्व्ह ब्लॉकच्या ठरलेल्या दिवसाची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.