गाण्यातील ‘मी’ : डेव्हिड बोवी

कवितेतील ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे विधान परीक्षेत आपण सर्वजण बिनचूक लिहितो आणि कविता वाचताना सहज विसरतो. म्हणून येथे एका इंग्लिश रॉक गायकाचे उदाहरण घेऊ.

डेव्हिड रॉबर्ट जोन्स यांचा जन्म ८ जानेवारी १९४७ रोजी लंडनमधील ब्रिक्स्टन येथे झाला. जवळजवळ त्याच नावाचा दुसरा गायक प्रसिद्धीस आल्याने त्यांनी ‘बोवी’ हे आडनाव घेतले. लिंडसे केम्प यांच्याकडे ते मूकाभिनय शिकले. १९७२ मध्ये त्यांनी ‘झिगी स्टारडस्ट’ हा काल्पनिक गायक निर्माण केला आणि त्याच्या वेषात ते गाऊ लागले. ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या रंगमंचावरून त्यांनी जाहीर केले, की आमचा हा अखेरचाच कार्यक्रम. या ‘आम्ही’त नेमके कोण, हे मागे वाजवणाऱ्या काही साथीदारांनाही ठाऊक नव्हते! निवृत्त झाला तो झिगी. बोवी गातच राहिले.

अभिनयातही त्यांची हीच रीत दिसते. ‘द मॅन हू फेल टू अर्थ’ (१९७६) या चित्रपटात ते परग्रहावरून आलेला माणूस झाले. १९८० मध्ये ब्रॉडवेवर ‘द एलिफंट मॅन’ या नाटकातील विद्रूप नायक त्यांनी विशेष रंगभूषेशिवाय, केवळ देहबोली व आवाज यांच्या बळावर उभा केला.

मात्र १९७६ च्या सुमारास ‘थिन व्हाइट ड्यूक’ या भूमिकेत वावरताना त्यांनी मुलाखतींतून फॅसिझमची भलामण केली. पुढे त्यांनी खेद व्यक्त केला. अमली पदार्थ आणि ती भूमिका यांकडेही बोट दाखवले. हे स्पष्टीकरण प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. गाण्याभोवती कल्पिताची चौकट असते आणि श्रोत्यालाही ती मान्य असते. मुलाखतीत अशी चौकट नसते. तेथील ‘मी’ बोलणाऱ्याचाच.

८ जानेवारी २०१६ रोजी त्यांचा ‘ब्लॅकस्टार’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील ‘लॅझरस’ या गीतातील मृत्यूविषयी बोलणारा ‘मी’ श्रोत्यांना आणखी एक भूमिका वाटला. बोवींना कर्करोग असल्याचे मोजक्यांनाच ठाऊक होते. १० जानेवारीस त्यांचे निधन झाले. गीतातील एकही शब्द बदलला नव्हता. तरी श्रोत्यांना आता त्या ‘मी’मध्ये स्वतः बोवी ऐकू येऊ लागले.