कार्ब्युरेटरची जुळणी आणि नाशिकची हवा

फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या आरडी ३५० या जपानी गाडीवरून १९८३ पासून ते दशक संपेपर्यंत बनवलेली राजदूत ३५० ही मोटारसायकल दोन सिलिंडरांची असून तिच्या प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर आहे. त्यामुळे तिच्या दुरुस्तीत काम केवळ दुप्पट होत नाही, तर दोन्ही कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवण्याचे तिसरे आणि सर्वांत अवघड काम त्यात वाढते. यामाहा आरएक्स १००, येझ्दी, जुनी बुलेट या गाड्यांवर हेच काम एकेका कार्ब्युरेटरपुरते करावे लागते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणविषयक मानक लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि त्याची जागा संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनने घेतली. तरीही नाशिकच्या जुन्या गॅरेजांत कार्ब्युरेटर रोज उघडले जातात. या कामाला सर्रास ‘कार्ब्युरेटर साफ करणे’ असे म्हटले जाते, आणि कामाविषयीच्या गैरसमजाचे मूळ या शब्दप्रयोगातच आहे. कारण साफसफाई हा त्याचा पहिला आणि त्यातल्या त्यात सोपा भाग असून खरे काम मोजमापाचे आणि जुळणीचे आहे.

कार्ब्युरेटरचे तत्त्व मोजक्या शब्दांत सांगता येते. इंजिन हवा ओढते, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, वेग वाढला की तिचा दाब कमी होतो आणि त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रांतून वर येऊन हवेत मिसळते. ही छिद्रे असलेल्या पितळी नळकांड्यांना जेट म्हणतात. पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त झाले तर मिश्रण ‘रिच’ आणि कमी झाले तर ‘लीन’ होते. मात्र अ‍ॅक्सिलरेटर किती पिळला आहे यावर कोणते छिद्र पेट्रोल देणार हे ठरते. गाडी स्लोला उभी असताना पायलट जेट काम करतो, मूठ थोडी पिळली की गळ्यात वरखाली सरकणाऱ्या स्लाइडच्या तिरक्या कापाचा प्रभाव पडतो, मधल्या पट्ट्यात स्लाइडला टांगलेली निमुळती सुई आपल्या जेटमधून किती वर उचलली गेली आहे त्यावर पेट्रोलचे प्रमाण ठरते आणि मूठ पूर्ण पिळल्यावर मेन जेटचे राज्य सुरू होते. गाडी कोणत्या टप्प्यावर अडखळते हे नीट विचारून आणि स्वतः चालवून पाहणारा मेकॅनिक म्हणूनच डिसमिस हाती घेण्याआधी अर्धे निदान करून ठेवतो.

कार्ब्युरेटर उतरवल्यावर पहिली कसोटी वाटीच्या चार स्क्रूंशी लागते. जपानी पद्धतीच्या या फुलीच्या स्क्रूंची खाच नेहमीच्या डिसमिसशी तंतोतंत बसत नाही. जोर लावताच डिसमिसचे टोक खाचेतून वर सरकते आणि खाच गोल होऊन जाते. अनेक वर्षे न उघडलेल्या कार्ब्युरेटरवर रॉकेल सोडून तो रात्रभर ठेवणे, स्क्रूच्या डोक्यावर हलका ठोका देणे आणि मगच फिरवणे हा धीर ज्याला नाही, तो मऊ मिश्रधातूच्या अंगातले आटे घालवून बसतो.

वाटी उघडली की गाडीचा मागचा काळ समोर येतो. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीतले पेट्रोल हवेशी संयोग होऊन आटते आणि मागे मधासारखा, पुढे लाखेसारखा कडक होणारा थर उरतो. अलीकडे या थराच्या जोडीला पांढरी पूड आणि पितळेवर हिरवट डागही दिसतात. उसापासून आणि धान्यापासून तयार होणाऱ्या इथेनॉलचे पेट्रोलमधले प्रमाण गेल्या काही वर्षांत वाढत जाऊन २०२५ मध्ये वीस टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल पाण्याला धरून ठेवते, पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी, म्हणजे नेमके जेटच्या तोंडाशी, येऊन बसतात. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीची वाटी त्यामुळे उन्हाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीपेक्षा वेगळी दिसते. जुन्या रबरी ओ-रिंगही इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, म्हणून त्या परत बसवण्याचा मोह टाळून नवे किट घेणे हाच शहाणपणा आहे. शिवाय इथेनॉलच्या ज्वलनाला हवा कमी लागत असल्यामुळे जुन्या जेटवर इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरले तर मिश्रण मुळातच थोडे लीन होते, ही गोष्ट पुढच्या जुळणीत ध्यानात ठेवावी लागते.

जेट साफ करण्याच्या पद्धतीवरून कारागिराची पारख होते. पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते आणि ते तुंबले की हाताशी असलेली टाचणी किंवा क्लचकेबलची पोलादी तार त्यात घालण्याची सवय फार जुनी आहे. पोलाद पितळेपेक्षा कठीण असल्यामुळे अशा प्रत्येक साफसफाईत छिद्र कणाकणाने रुंदावते आणि जेटवर कोरलेला आकडा खोटा ठरतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण गाडीचे अ‍ॅव्हरेज घसरते आणि दोष मात्र पेट्रोलपंपावर ढकलला जातो. जाणता मेकॅनिक जेट द्रावणात भिजत ठेवतो, कॉम्प्रेसरची हवा उलट दिशेने मारतो आणि अगदीच गरज पडली तर विजेच्या वायरीतला तांब्याचा एखादा मऊ केस वापरून छिद्र उजेडासमोर धरून पाहतो. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आणि आजही तांबट आळी नांदवणाऱ्या या शहराला पितळेचा मऊपणा नवा नाही. सूक्ष्म छिद्रांचे शास्त्रही येथे परके नाही, कारण पूर्वी ‘मायको’ आणि आता बॉश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल तयार होतात. कंपनीचे नाव बदलले तरी मायको सर्कल हे चौकाचे नाव लोकांच्या तोंडी टिकून आहे. त्या कारखान्यातली मायक्रोनची भाषा आणि गॅरेजमधल्या बाकड्यावर उजेडासमोर धरलेला जेट यांत साधनांचे अंतर फार मोठे असले, तरी बारीक छिद्राबद्दलचा आदर दोन्हीकडे सारखाच लागतो.

जेटपेक्षाही फसवे असतात ते कार्ब्युरेटरच्या अंगातले मार्ग, कारण ते दिसत नाहीत आणि काढून धुताही येत नाहीत. एअर स्क्रू, म्हणजे स्लोच्या मिश्रणात जाणारी हवा कमीजास्त करणारा टोकदार स्क्रू, पूर्ण काढून त्याच्या भोकात द्रावणाचा फवारा मारला असता गळ्यात स्लाइडखाली असलेल्या दोन सुईएवढ्या छिद्रांतून बारीक धारा उडाल्या पाहिजेत. एकच धार उडाली किंवा नुसते ओघळ आले तर काम झालेले नाही, मग वरून कार्ब्युरेटर कितीही चकाकत असो. या वेळी डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण धार कोणत्या दिशेने येईल याचा नेम नसतो.

घाण जशी हटवावी लागते तशी झीज ओळखावी लागते, आणि झीज कोणत्याही द्रावणाने जात नाही. इंजिनच्या थरथरीमुळे सुई आपल्या जेटच्या कडेवर सतत घासत राहते आणि हजारो किलोमीटरनंतर ते गोल भोक किंचित लांबट होते. मग मधल्या पट्ट्यात, म्हणजे शहरात गाडी सर्वांत जास्त चालते नेमकी तिथेच, पेट्रोल जास्त जाऊ लागते. सुईवरची क्लिप एक खाच वर सरकवून सुई खाली उतरवली तर काही दिवस बरे वाटते, पण हा उपाय वरवरचा असून सुई आणि तिचा जेट ही जोडी एकत्रच बदलणे योग्य ठरते. मूळ बनावटीचे सुटे भाग दुर्मिळ होत चालल्यामुळे बाजारातल्या किटमधली सुई जुन्या सुईशेजारी ठेवून तिचा निमुळतेपणा व्हर्नियरने मोजून पाहिल्याशिवाय बसवू नये. पाकिटावरचे नाव हे मापाचे प्रमाणपत्र नव्हे.

फ्लोट हा वाटीतला तरंगता भाग. पेट्रोलची पातळी वाढली की तो वर उचलला जातो, त्याच्यावरची जीभ एका छोट्या सुईला वर दाबते आणि टाकीकडून येणारे पेट्रोल बंद होते. ही पातळी म्हणजे साऱ्या कार्ब्युरेटरचा पाया आहे, कारण पेट्रोलला जेटमधून किती उंच चढायचे आहे हे तीच ठरवते. म्हणून कार्ब्युरेटर उलटा धरून, जीभ सुईला नुसती टेकेल आणि तिच्यातली बारीक स्प्रिंग दबणार नाही अशा बेताने, गॅस्केटच्या पृष्ठापासून फ्लोटची उंची मोजली जाते, आणि ती पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळेपर्यंत जीभ अगदी किंचित वाकवली जाते. अनेक जुन्या कार्ब्युरेटरांतले फ्लोट पोकळ पितळेचे असत. असा फ्लोट कानाशी हलवला असता आत पेट्रोल खळखळले तर तो भोक पडलेला असतो. तो गरम पाण्यात बुडवला की आतली हवा प्रसरण पावून बुडबुडे निघतात आणि भोकाची जागा सापडते. तिथे डाग देऊन भोक बुजवता येते, परंतु डागाचे वजन फ्लोटच्या वजनात मिळते आणि तरंगण्याची उंची बदलते, म्हणून डाग द्यावा तितका कमी आणि त्यानंतर माप पुन्हा घ्यावे, हे अनुभवी हात विसरत नाहीत.

कार्ब्युरेटरला इंजिनशी जोडणारी पट्टी वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त आवळल्यामुळे मध्ये उचललेली असते. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती घासली की कुठे चमक आली आणि कुठे नाही यावरून वाकलेपणा कळतो. या वाकलेपणामुळे राहणारी फट साधी वाटली तरी तिच्यातून शिरणारी हवा कोणत्याही जेटने मोजलेली नसते. टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रणच आतल्या भागांना थंडावा देते आणि त्याच्याबरोबरच वंगणाचे तेल पोचते, त्यामुळे लीन मिश्रणाने तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये जाम होतो. धावत्या गाडीचे मागचे चाक अचानक अडकणे हा त्याचा परिणाम असतो. म्हणूनच फटीकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत केवळ पेट्रोलमध्ये मोजता येत नाही.

दोन कार्ब्युरेटरांची जुळणी या सगळ्यानंतर येते. एका अ‍ॅक्सिलरेटर केबलला फुटलेले फाटे दोन्ही स्लाइड उचलतात, शिवाय ऑटोल्यूब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेलपंपालाही ओढतात. एअर फिल्टर काढून दोन्ही गळ्यांत एकेक बोट ठेवले आणि मूठ अगदी हळू पिळली तर दोन्ही स्लाइड बोटाखालून एकाच क्षणी सुटल्या पाहिजेत. केसभर फरक असला तरी बोटाला तो कळतो, आणि केबलच्या अ‍ॅडजस्टरने तो काढून टाकता येतो. मग दोन्ही एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून सुमारे दीड फेरा उघडले जातात आणि इंजिन सुरू करून दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून धुराचे ठोके सारखे आहेत का हे पाहिले जाते. या कार्ब्युरेटरांत एअर स्क्रू आत फिरवला की हवा कमी होऊन मिश्रण रिच होते. स्क्रू पावपाव फेऱ्याने फिरवत इंजिनचा आवाज कुठे सर्वांत मोकळा होतो हे ऐकणे, आणि तो मोकळा झाल्यावर स्लोचा स्क्रू मागे घेऊन पुन्हा ऐकणे, हे काम रहदारीच्या रस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये दुपारी करण्यापेक्षा सकाळी लवकर केलेले बरे. एक्झॉस्टच्या दोन नळ्यांपैकी एक दुसरीपेक्षा लवकर तापत असेल तर कानाने दिलेला निकाल मागे घ्यावा लागतो.

येथे नाशिकची हवा हिशेबात येते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी विरळ असते, आणि विरळ हवेत त्याच जेटवर मिश्रण थोडे रिच होते. त्यापेक्षाही मोठा फेर ऋतूंचा आहे. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात जानेवारीत पारा कधीकधी पाच अंशांखाली जातो आणि एप्रिल-मेमध्ये शहरात चाळीस अंशांपर्यंत चढतो. एवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे एक दशांशाने बदलते, पेट्रोलचा प्रवाह मात्र तितक्या प्रमाणात बदलत नाही. अ‍ॅव्हरेजच्या हट्टापायी मे महिन्यात अगदी काठावर लीन करून ठेवलेली गाडी डिसेंबरच्या दाट हवेत आणखी लीन होते, आणि हिवाळ्याच्या पहाटे महामार्गावर पिस्टन जाम होण्यामागे पुष्कळदा ही उन्हाळ्यातली काटकसर असते. जुने मेकॅनिक मेन जेट एक आकडा मोठा ठेवण्याचा आग्रह धरतात त्याला ‘पेट्रोल उडवणे’ म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

म्हणून अंतिम परीक्षा गॅरेजमध्ये होत नाही. कसारा घाट उतरताना मूठ बंद असते आणि इंजिन फिरत असते, तेव्हा पायलट जेटचे आणि स्लाइडच्या जुळणीचे काम उघडे पडते. परतीच्या चढणीवर सुई आणि मेन जेट यांची पाळी येते. चढण संपत आल्यावर सुरक्षित जागा पाहून, पूर्ण मूठ पिळलेली असतानाच क्लच दाबून इंजिन बंद केले जाते आणि गाडी कडेला घेऊन दोन्ही प्लग काढले जातात. चिनी मातीच्या टोकावर तांबूस तपकिरी रंग असेल तर मिश्रण योग्य, काजळी असेल तर रिच आणि पांढुरके कोरडेपण असेल तर लीन. दोन्ही प्लग तळहातावर शेजारीशेजारी ठेवून पाहिले जातात, आणि त्यांचा रंग सारखा नसेल तर ज्या बाजूचा प्लग पांढरा आहे त्या बाजूचा मेन जेट एक आकडा मोठा बसवून, पट्टीची फट पुन्हा तपासून, गाडी दुसऱ्या दिवशी त्याच चढणीवर परत नेली जाते.