मोटारीतील संगीत आणि तळहाताएवढा संगणक

जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे १५ किलोमीटर अंतरावर कानोता हे गाव लागते. तेथील जुनी गढी व जवळचा बांध प्रवाशांच्या परिचयाचे आहेत. या भागातील उन्हाळा कडक असतो. मे-जूनमध्ये तापमान कधी कधी ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा दुपारी काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीतील हवा तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे २० अंशांनी अधिक तापते, आणि पुढील काचेखालची फळी तर त्याहूनही तापते. अशा गाडीत संगीत ऐकविणारे यंत्र स्वतःच्या हाताने बनवावयाचे ठरविले, तर कोणत्या अडचणी येतील आणि विज्ञानाच्या साहाय्याने त्या कशा दूर करता येतील, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

संगीत वाजविणे हे या कामातील सोपे अंग होय. अवघड आहे ते मोटारीत यंत्र टिकविणे. ही गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे पुढील प्रत्येक जोडणीचे प्रयोजन आपोआप कळते.

एक जुना प्रश्न

मोटारीत रेडिओ बसविण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील शिकागो शहरी पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. त्या काळच्या रेडिओतील निर्वात नळ्यांना शेकडो व्होल्टांचा दाब लागे, आणि मोटारीची बॅटरी तर अवघी ६ व्होल्टांची. थोड्याच वर्षांत यावर एक उपाय निघाला. कंप पावणाऱ्या लहानशा पट्टीने बॅटरीचा प्रवाह वारंवार तोडून तो रोहित्रातून न्यावयाचा व त्याचा दाब चढवावयाचा. त्या रेडिओंतून येणारी मंद गुणगुण ही या पट्टीचीच होती.

आज प्रश्न तोच आहे, मात्र उलट दिशेने. बॅटरी १२ व्होल्टांची आहे आणि संगणकाला हवे आहेत ५ व्होल्ट. मोटारीची वीज यंत्राच्या सोयीने चालत नाही. यंत्रालाच तिच्याशी जमवून घ्यावे लागते.

साधने

या कामाचा मुख्य आधार म्हणजे एकाच फलकावर संपूर्ण मांडलेला संगणक. इंग्लंडमधील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय फाउंडेशनने विद्यार्थ्यांना संगणकशास्त्र शिकता यावे या हेतूने असा फलक तयार करविला, व २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला. त्याचा आकार सुमारे ८५ मिलिमीटर लांब व ५६ मिलिमीटर रुंद, म्हणजे खिशातील ओळखपत्राएवढाच आहे. त्याला तबकडी नाही. संगीत व आज्ञावली ही दोन्ही नखाएवढ्या मेमरी कार्डावर राहतात. लिनक्स ही कार्यप्रणाली व संगीत वाजविणाऱ्या आज्ञावली विनामूल्य मिळतात, आणि गाण्यांची नावे देवनागरीतही लिहिता येतात.

याखेरीज पुढील वस्तू लागतात: दाब उतरविणारा परिवर्तक, आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणारा लहान फलक, अॅम्प्लिफायर, स्पीकर, फ्यूज, योग्य जाडीच्या तारा आणि मोजमापासाठी मल्टीमीटर. सांधे पिळून बांधू नयेत. त्यांना डाख द्यावा किंवा दाबून बसविण्याच्या टोप्या वापराव्यात. मोटार सतत हादरत असते, आणि पिळलेला सांधा आज ना उद्या सैल होतो.

आकड्यांतून ध्वनी

संगणकापाशी गाणे नसते, आकडे असतात. १९८२ साली बाजारात आलेल्या ध्वनिचकतीसाठी ठरलेले प्रमाण आजही पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. त्यात ध्वनिलहरीची उंची एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतात, व प्रत्येक वेळी ती ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीने दर्शवितात. डाव्या व उजव्या बाजूची मोजणी स्वतंत्र असते. अशा रीतीने दर सेकंदाला १४ लाखांहून अधिक द्विमान अंक तयार होतात.

हे अंक तीन तारांनी रूपांतरक फलकाकडे जातात. एक तार ताल धरते, दुसरी डावे-उजवे सांगते आणि तिसरी प्रत्यक्ष आकडे वाहून नेते. रूपांतरक प्रत्येक आकड्याइतका दाब निर्माण करतो, आणि त्या दाबांची सलग रेषा म्हणजेच मूळ लहर होय. संगणकाच्या काही प्रतिरूपांवर कानात घालावयाच्या यंत्रासाठी खोबण असते, परंतु २०२३ साली आलेल्या पाचव्या प्रतिरूपावर ती नाही. ज्यांवर ती आहे, त्यांतही स्वतंत्र रूपांतरकाने ध्वनी अधिक स्वच्छ येतो.

ही लहर दुर्बळ असते. स्पीकरचा पडदा हलविण्याची शक्ती तिच्यात नसते. ते काम अॅम्प्लिफायरचे. येथे एका छापील आकड्याविषयी सावध राहिले पाहिजे. इंजिन चालू असताना मोटारीत सुमारे १४.४ व्होल्टांचा दाब असतो. स्पीकरच्या दोन्ही टोकांना विरुद्ध दिशांनी ढकलणारी सेतुरचना वापरली, तरी ४ ओहमच्या स्पीकरला शुद्ध लहरीची सुमारे २६ वॉटपेक्षा अधिक शक्ती मिळणे गणितानेच शक्य नाही. प्रत्यक्षात ती आणखी कमी असते. मग खोक्यावर ‘५० वॉट’ कोठून येतात? लहर माथ्यावर व पायथ्याशी पार कापून चौकोनी केली, म्हणजे गणिताने सुमारे ५२ वॉट येतात. परंतु तो ध्वनी गाणे राहत नाही, करकर होतो. छापील आकडा खोटा नसतो. तो कोणत्या लहरीचा आहे, हे विचारावे लागते.

मोटारीतील वीज

बॅटरीवर ‘१२ व्होल्ट’ लिहिलेले असले, तरी मोटारीत हा आकडा क्वचितच स्थिर असतो. स्टार्टर फिरताना तो ९ व्होल्टांपर्यंत, थंड वा जुन्या बॅटरीत त्याहूनही खाली उतरतो. इंजिन चालू झाल्यावर तो १४ च्या पुढे जातो. आणि ऑल्टरनेटर बॅटरी भरत असताना बॅटरीची जोडणी अचानक सुटली, तर संरक्षण नसलेल्या रचनेत क्षणभर १०० व्होल्टांच्या आसपास उसळी येऊ शकते. संगणकाला मात्र ५ व्होल्टांच्या आसपास अगदी थोडा फरक चालतो. यास्तव या उसळ्या आपल्यावर घेणारा डायोड प्रथम बसवितात, व त्यानंतर परिवर्तक.

दाब उतरविण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत जादा दाब उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतात. संगणक २ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर तो १० वॉट शक्ती वापरतो; परंतु १४ व्होल्टांतून ५ वजा जाता उरलेले ९ व्होल्ट जाळताना १८ वॉट वाया जातात. कामाहून नासाडीच अधिक! कानोत्याच्या उन्हात ही जादा उष्णता परवडणारी नाही.

दुसरी रीत कुंभाराच्या चाकासारखी आहे. कुंभार चाकाला दांडीने सतत ढकलीत नाही. तो धक्के देतो, आणि चाकाचे वजन त्या धक्क्यांमधील वेग सांभाळते. परिवर्तकातील स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडतो व मिटतो. तारेचे वेटोळे आपल्या चुंबकीय क्षेत्रात शक्ती साठविते आणि स्विच उघडा असताना ती परत करते. १४ व्होल्टांतून ५ मिळविण्यास स्विच एकूण वेळेच्या सुमारे ३६ टक्के काळ मिटलेला ठेवावा लागतो. या रीतीने त्याच १० वॉटांसाठी साधारणतः १ वॉटच्या आसपास शक्ती वाया जाते.

उष्णतेच्या दृष्टीने संगणकाची जागाही महत्त्वाची आहे. त्याचा मुख्य भाग ८० अंशांच्या पुढे तापला, की तो स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. तेव्हा तो काचेखालच्या फळीवर ठेवू नये. आसनाखाली, वारा खेळेल अशा पेटीत, अॅल्युमिनियमचा उष्णताशोषक व लहान पंखा लावून ठेवावा.

बंद करण्याची रीत

रेडिओची कळ कधीही बंद केली तरी बिघडत नाही. संगणकाचे तसे नाही. एखादा कारकून नोंदवही लिहीत असता ऐन मध्यावर दिवा गेला, तर शेवटची ओळ अर्धी राहते. आणि ती ओळ अनुक्रमणिकेची असली, तर पुढे सारी वहीच शोधणे कठीण होते. मेमरी कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली, तर असेच घडते, व पुढच्या खेपेस संगणक उठतच नाही. घरगुती बनावटीचे संच बंद पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

यावर उपाय असा. मोटारीत दोन प्रकारच्या तारा असतात: एकीत बॅटरीची वीज सदैव असते, दुसरीत किल्ली फिरविल्यावरच येते. बाजारातील संचांच्या जोडणीत पहिली बहुधा पिवळी व दुसरी तांबडी असते, आणि काळी तार सांगाड्याला जोडावयाची असते. तथापि गाडीच्या मूळ तारांचे रंग निराळे असू शकतात. म्हणून रंगावर न विसंबता मल्टीमीटरने मोजूनच खात्री करावी. संगणकाला वीज पहिल्या तारेतून द्यावी, आणि दुसरी तार केवळ निरोप देण्यासाठी वापरावी.

हा निरोप थेट देता येत नाही, कारण संगणकाच्या टाचण्यांना ३.३ व्होल्टांहून अधिक दाब सोसत नाही. यासाठी एक लहानसा भाग मिळतो. त्यात एका बाजूस सूक्ष्म दिवा व समोर प्रकाश ओळखणारा डोळा असतो. रोधकाच्या आधारे किल्लीच्या तारेने दिवा लागतो, डोळा तो पाहतो. दोघांत तारेचा संबंध मुळीच नाही, केवळ प्रकाशाचा आहे. दिवा विझला, की संगणक आपली नोंद पुरी करून शांतपणे मिटतो, आणि सुमारे मिनिटभराने कालदर्शी रिले त्याची वीज तोडतो.

ती तोडणे आवश्यकच आहे. स्वस्थ बसलेला संगणकही सुमारे ३ वॉट घेत राहतो. १२ व्होल्टांच्या बॅटरीतून तो, परिवर्तकाची नासाडी धरून, सुमारे ०.३ अँपिअर होतो. म्हणजे तीन दिवसांत सुमारे २२ अँपिअर-तास. लहान मोटारीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. मालक गावाहून परतेपर्यंत गाडी चालू होण्याइतकी वीज उरेल याचा भरवसा नाही.

कण्हणारा स्पीकर

संच जोडून झाल्यावर पुष्कळांना एक विचित्र अनुभव येतो. गाण्यामागे एक बारीक सूर ऐकू येतो, आणि वेग वाढविला की तो चढत जातो. हा सूर ऑल्टरनेटरचा असतो. समजा, इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत आहे आणि ऑल्टरनेटर त्याच्या अडीचपट, म्हणजे ५,००० फेरे. तर सेकंदाला सुमारे ८३ फेरे झाले. चुंबकीय ध्रुवांच्या सहा जोड्या असल्यास प्रत्येक वेटोळ्यात सेकंदाला सुमारे ५०० आवर्तने होतात. तीन वेटोळ्यांची वीज एकदिश केल्यावर प्रत्येक आवर्तनात सहा लहान उंचवटे उरतात. अशा रीतीने ३,००० आवर्तनांचा सूर तयार होतो, आणि मानवी कान तर या पट्टीत विशेष तीक्ष्ण असतो.

हा सूर बहुधा काळ्या तारेतून शिरतो. संगणक एका ठिकाणी व अॅम्प्लिफायर दुसऱ्या ठिकाणी सांगाड्याला जोडलेला असेल, तर त्या दोन जागांमधील सूक्ष्म दाबभेद संगीतात मिसळतो. सर्वांच्या काळ्या तारा रंग खरवडलेल्या एकाच ठिकाणी घट्ट बसवाव्यात; बहुतेक वेळा सूर तेथेच थांबतो.

धोका कोठे आहे

बारा व्होल्टांचा झटका बसत नाही, म्हणून मोटारीची वीज निरुपद्रवी आहे, हा समज घातक होय. तार सांगाड्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते. तार लाल होते आणि आसनाचा कापूस पेट घेतो. यास्तव फ्यूज संगणकाजवळ नव्हे, तर बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. फ्यूज यंत्राला वाचवितो ही समजूत अपुरी आहे. तो प्रथम तारेला वाचवितो, आणि त्याच्या अलीकडची तार सर्वस्वी निराधार असते. काम करताना बॅटरीची ऋण जोडणी काढून ठेवावी. सेतुरचनेच्या अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरची कोणतीही तार सांगाड्याला जोडू नये. तसे केल्यास अॅम्प्लिफायर जळतो. सुरक्षापिशवीच्या मार्गात तार वा पेटी येऊ देऊ नये.

दुसरा धोका चालकाच्या डोळ्यांचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. पडद्यावरील गाण्यांची यादी चाळण्यास दोन सेकंद सहज लागतात; आणि आग्रा रस्त्यासारख्या वाहत्या महामार्गावर ३३ मीटरांत काय आडवे येईल, हे सांगता येत नाही. म्हणून उत्तम संचाला पडदा नसला तरी चालेल, परंतु हाताला न पाहता सापडणारी फिरती मूठ व दोन बटणे असावीत. यादी प्रवासापूर्वीच लावून ठेवावी.

बाजारात तयार संच मिळतात आणि पुष्कळांना तेच सोयीचे पडतात. परंतु तो संच बिघडला, म्हणजे बंद पेटी दुकानदाराच्या हाती देण्यावाचून गत्यंतर नसते. ज्याने एकदा बॅटरीपासून स्पीकरपर्यंतची वाट स्वतः आखली आहे, त्याला बिघाड कोठे असेल याचा अंदाज तार न सोडवताही करता येतो. शाळेतील प्रयोगशाळेत हा संच मोटारीविना, जुन्या बॅटरीवर जोडून पाहता येईल. तेथे फ्यूज मुद्दाम उडवून पाहावा. त्याचा तो लहानसा आवाज विद्यार्थ्यांच्या पुष्कळ दिवस ध्यानात राहील.